कॉन्ट्रास्ट देऊन सीटी: आईंची कोळंबी, क्रिएटिनिन आणि मेटफॉर्मिन

प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६२, डायबेटीस आहे, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) १.३. डॉक्टरांनी पोटाचा सीटी कॉन्ट्रास्ट देऊन, म्हणजे अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून आयोडीनवालं औषध (त्यालाच 'डाय' म्हणतात) देऊन करायला सांगितलाय. कोळंबी खाल्ली की त्यांच्या अंगावर पित्त उठतं, म्हणून घरातले म्हणतायत की आयोडीनची अॅलर्जी आहे, प्लेन, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा सीटीच करा. काकांची किडनी अँजिओग्राफीनंतर बिघडली होती, ती धास्ती वेगळीच. मी रेडिओलॉजीत तंत्रज्ञ होतो, नोकरीभर हेच काम केलं. तेवढ्या अनुभवावर लिहितो. निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

कोळंबीचं आधी संपवू, कारण ही समजूत लवकर मरत नाही. कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी त्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन आपल्या रोजच्या मिठात आहे, थायरॉईडच्या हार्मोनमध्ये आहे. त्याचीच अॅलर्जी असती तर आई जेवल्या कशा असत्या? जखमेवरचं आयोडीनवालं बीटाडीन लावल्यावर कुणाची त्वचा लाल झाली असेल तर त्याचाही कॉन्ट्रास्टशी संबंध नाही. मात्र दमा किंवा कसलीही मोठी अॅलर्जी असली तर रिअॅक्शनची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त धरतात, म्हणून फॉर्मवर लिहा जरूर. स्कॅन रद्द करायचं ते कारण नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो घाईगर्दीत नीट विचारला जात नाही: यापूर्वी कधी कॉन्ट्रास्ट दिला होता का, आणि तेव्हा नेमकं काय झालं? आधी खरी रिअॅक्शन आलेली असणं ही सगळ्यात मोठी धोक्याची खूण. अशा रुग्णाला दुसरं औषध निवडतात, गरज वाटली तर आदल्या रात्रीपासून स्टेरॉईडच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांना काम करायला तास लागतात, म्हणून ही माहिती टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नसतो.

'नेमकं काय झालं' हे मुद्दाम म्हटलं. इंजेक्शन आत जाताना सगळं अंग तापतं, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखी वाटते. बायका तर दचकून उठू बघतात. ते औषधाचं नेहमीचं वागणं आहे, अॅलर्जी नाही; मिनिटभरात ओसरतं. पण घरी जाऊन 'मला डाय सोसत नाही' असं सांगितलं जातं, आणि तो शिक्का फाइलवर कायमचा बसतो. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, चक्कर येणं ही खरी रिअॅक्शन. ती बहुतेक वेळा पहिल्या वीसेक मिनिटांतच दिसते. म्हणून व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली सुई) लगेच काढायला सांगून रिक्षा पकडू नका, अर्धा तास तिथेच बसा.

आता संमतीच्या फॉर्मवरच्या 'मृत्यू' या शब्दाबद्दल. तो खोटा नाही, पण प्रमाण बघा. जपानमध्ये तीन लाखांहून जास्त रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. जुन्या आयनिक औषधांनी गंभीर रिअॅक्शन ०.२२ टक्के रुग्णांना आली, नव्या नॉन-आयनिक औषधांनी ०.०४ टक्के. म्हणजे दहा हजारांत चार, आणि तेही गंभीर रिअॅक्शनचं प्रमाण, मृत्यूचं नव्हे. आज सीटीसाठी शिरेतून देतात ती आयोहेक्सॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल ही सगळी नॉन-आयनिक. डायवरचा अविश्वास अगदीच हवेतून आलेला नाही, हेही खरं. गेल्या शतकात थोरोट्रास्ट नावाचं थोरियमचं औषध वापरत. ते किरणोत्सारी होतं, यकृतात साठून राहायचं आणि काही दशकांनी कॅन्सर व्हायचा. आजची औषधं किडनी ठीक असेल तर बहुतांशी २४ तासांत लघवीवाटे निघून जातात.

आता किडनी. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष यांवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) काढून घ्या. तोच १.३ आकडा तिशीच्या पुरुषात ईजीएफआर ७५ च्या आसपास दाखवतो, आणि ६२ वर्षांच्या बाईत ४६ च्या आसपास. म्हणजे आईंची किडनी थोडी मंदावलेली आहे, पण धोक्याची रेघ साधारण ३० ला आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी या दोन्ही क्षेत्रांतल्या संस्थांनी २०२० मध्ये मिळून सांगितलं की शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमुळे किडनी बिघडण्याचा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला होता. कारण सरळ आहे: ज्यांना तातडीने सीटी लागतो ते आधीच जंतुसंसर्ग, कमी बीपी, उलट्यांनी सुकलेले असतात. त्यांचं क्रिएटिनिन प्लेन सीटीनंतरही वाढतं. जुन्या अभ्यासांत असे प्लेनवाले रुग्ण तुलनेला घेतलेच नव्हते. काकांची गोष्ट वेगळी. अँजिओग्राफीत औषध धमनीतून जातं, काही वेळा जवळजवळ जसंच्या तसं किडनीत पोचतं, आणि मुळात हृदयही आजारी असतं. ती भीती आईंच्या सीटीला लावू नका.

किडनीच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीची, आणि 'उपाशी या' म्हटल्यावर पाणीसुद्धा न पिता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. पाणी प्यायला चालेल का, हे सेंटरला फोन करून विचारा; बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. किडनी अचानक थकली तर ती गोळी अंगात साठून लॅक्टिक आम्ल वाढू शकतं, एवढीच चिंता. काही जण ईजीएफआर ३० च्या खाली असेल तरच थांबवतात, तर अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे ३० ते ६० मध्येही स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी किडनी तपासून सुरू करायची असते. आई या मधल्या पट्ट्यात येतात, त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतील. गोंधळू नका, सीटी सांगणाऱ्याचं ऐका. त्या दोन दिवसांत शुगरचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा.

'मग एमआरआय करू का?' तिथल्या इंजेक्शनमध्ये आयोडीन नसून गॅडोलिनियम असतं. ज्यांची किडनी जवळजवळ बंद होती अशांना त्यातल्या काही जुन्या औषधांमुळे त्वचा दगडासारखी घट्ट होण्याचा आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. युरोपने २०१७ मध्ये त्या जातीची बरीच औषधं थांबवली. आता गॅडोटरेट, गॅडोब्युट्रॉलसारखी, गॅडोलिनियमला जास्त घट्ट धरून ठेवणारी औषधं वापरतात. पण भीतीपोटी तपासणी बदलणं मला पटत नाही. मुतखडा शोधायचा असेल तर प्लेन सीटी पुरतो. यकृतातली गाठ, स्वादुपिंड, शिरेतली गुठळी बघायची असेल तर प्लेन सीटीत बरंचसं करड्यावर करडंच दिसतं आणि पुन्हा स्कॅन करायची वेळ येते. म्हणून डॉक्टरांना एवढं विचाराच: तुम्ही नेमकं काय शोधताय?

थायरॉईड वाढलेलं असेल, किंवा त्यासाठी आयोडीनचं स्कॅन वा उपचार ठरलेले असतील, तर तेही आधी सांगा.

स्कॅन झाल्यावर दिलेल्या औषधाचं नाव आणि किती मिली दिलं, हे रिपोर्टवर लिहून मागा. नाही दिलं तर बाटलीच्या लेबलचा फोटो काढू द्या म्हणावं. दुसऱ्या दिवशी किंवा आठवडाभरात अंगावर पुरळ उठलं तर तेही या औषधाचं असू शकतं, आणि तेव्हा डॉक्टर पहिलं हेच नाव विचारतील.