मसला सांगण्याआधी : वाचकांचे प्रश्न

या अंकातले प्रश्न साखरेचे, सोन्याचे, भाषणाचे आणि तलाकचे आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी धर्मातलं काहीतरी (म्हणजे मसला, धर्माचा नियम) छातीठोकपणे सांगितलंय आणि ऐकणारा अडचणीत आलाय. आम्हाला ठाऊक आहे तेवढं सांगतो. पुढचं कुणाला विचारायचं, तेही त्या त्या ठिकाणी दिलंय.

प्रश्न : अब्बांचं वय ६१, दोन वेळा इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून सांगितलंय, पण ते ऐकत नाहीत. त्यात फुफी (आत्या) म्हणतात, सुई टोचली की रोजा तुटतो, बोटातून रक्त काढून साखर तपासली तरी तुटतो. म्हणून अब्बा दिवसभर साखर तपासतच नाहीत. काय करावं? – एक वाचक, नई जिंदगी, सोलापूर

उत्तर : साखर तपासणं आजपासून सुरू करा. बोट टोचून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही. तोंड-नाकासारख्या वाटेने काही पोटात गेलं तर रोजा तुटतो, हा मूळ नियम आहे; इथे आत काहीच जात नाही, उलट बाहेर येतं. इन्सुलिनची सुई कातडीखाली दिली जाते, ती अन्न नव्हे. आजचे बहुतेक मुफ्ती (धर्माचा निर्णय देणारे जाणकार) तिने रोजा तुटत नाही असंच सांगतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीनेही १९९७ मध्ये पोषण न देणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हाच निर्णय दिला. ग्लुकोजच्या सलाइनचं तसं नाही, कारण ते पोषण आहे. फुफींनी बहुधा सलाइनचा मसला कुठेतरी ऐकला असावा आणि तो सगळ्याच सुयांना लावला असावा. ऐकीव मसल्यांची अशीच गल्लत होते. मसला खरा असतो, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा असतो.

साखर ७० च्या खाली गेली तर मगरिबला (सूर्यास्ताला) दहा मिनिटं उरली असली तरी रोजा सोडायचा. ३०० च्या वर गेली तरी सोडायचा आणि डॉक्टरांना गाठायचं. इन्सुलिनचं प्रमाण घरच्यांनी, शेजाऱ्यांनी किंवा मौलानांनी ठरवायचं नाही.

आता डॉक्टरांनी मनाई केली असताना रोजा धरण्याबद्दल. आजारी आणि प्रवासी यांनी रोजे दुसऱ्या दिवसांत पुरे करावेत, ही सवलत कुरआनातच आहे (सूरह बकरा, १८४-१८५). आजार किती गंभीर, हे जाणकार वैद्याच्या सांगण्यावरून ठरतं, असं फिक्हची पुस्तकंही म्हणतात. म्हणजे इथे डॉक्टरांचा शब्द धर्माबाहेरचा नाही.

फुफींना हेही सांगा. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर यांची एक हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला गुसलची (शुद्धीसाठीच्या अंघोळीची) गरज पडली. तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने शुद्धी) चालेल का, असं त्याने सोबत्यांना विचारलं. पाणी आहे, तेव्हा सवलत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. त्याने अंघोळ केली आणि त्यात तो गेला. पैगंबर (स.) यांच्या कानावर हे गेलं, तेव्हा ते सोबत्यांवर कडक शब्दांत रागावले : यांनीच त्याला मारलं, माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? न जाणण्यावरचा इलाज विचारणं हाच आहे. सांगणारे सोबतीच होते, त्यांची नियतही वाईट नव्हती. तरी ठपका त्यांच्यावर आला.

एक चूक दुसऱ्या बाजूनेही होते. आजारी माणूस लगेच फिदया (रोज्याच्या बदल्यात द्यायचं धान्य किंवा त्याची किंमत) देऊन मोकळा होतो. ज्याला पुढेही कधी रोजा धरता येणार नाही, फिदया त्याच्यासाठी आहे. सोलापुरात मे-जूनमध्ये रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो, डिसेंबरात सव्वाबारा-साडेबारा तासांत संपतो. थंडीत डॉक्टर हो म्हणाले, तर तेव्हा कजा (राहिलेले रोजे) धरायची आणि फिदया द्यायचा नाही. ते कधीच शक्य नसेल, तर हनफी मसल्याप्रमाणे (हनफी हा सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी, एक) एका रोज्यामागे अर्धा साअ (जुनं माप) गहू किंवा त्याची किंमत द्यायची. अर्ध्या साअचं वजन कुणी १.६ किलोच्या आसपास धरतं, कुणी दोन किलोंहून थोडं जास्त. तुमच्या मशिदीत जो हिशेब चालतो तो एक धरा. दोन्हींची सरासरी काढत बसू नका.

प्रश्न : माझं माहेर रत्नागिरीचं, सासर सोलापूरचं. माझ्याकडे ८ तोळ्यांचे दागिने आहेत, सगळे वापरातले, आणि बँकेत वर्षभरापासून ४०,००० रुपये. अम्मी म्हणते वापरातल्या दागिन्यांवर जकात (दर वर्षी द्यायचं सक्तीचं दान) नाही. सासूबाई म्हणतात आहे. दीर म्हणतात साडेसात तोळ्यांच्या वर असल्यामुळे आहे. खरं कोण? – एक वाचक, विजापूर वेस

उत्तर : अम्मी आणि सासूबाई दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मजहबाचे आहेत आणि सोलापुरात हनफी जास्त. शाफई मजहबात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या, रीतीत बसणाऱ्या दागिन्यांवर जकात नाही, हनफींमध्ये आहे. लग्न झालं म्हणून मजहब बदलावा लागत नाही. तुम्ही शाफई असाल तर अम्मींचं ऐका, हनफी चालीने वागत असाल तर सासूबाईंचं. जकात द्यायची वेळ आली की शाफई आणि घ्यायची वेळ आली की हनफी, असं मात्र करू नये.

दिरांचा निकाल हनफी हिशेबाने बरोबर निघतो, पण त्यांनी दिलेलं कारण चुकलंय, आणि तेच कारण लावलं तर दुसऱ्या कुणाचा निकाल चुकेल. साडेसात तोळे हा जुना तोळा आहे, ११.६६४ ग्रॅमचा. त्याने सोन्याचा निसाब (जकात लागू होण्याची मर्यादा) ८७.४८ ग्रॅम होतो (काही जण ८५ ग्रॅम धरतात). सराफाकडचा आजचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणजे तुमचे ८ तोळे म्हणजे ८० ग्रॅम, आणि ते निसाबाच्या खाली आहेत! तुमच्याकडे नुसतं सोनं असतं, एक रुपयाही शिल्लक नसता, तर हनफी हिशेबाने जकात लागली नसती. पण तुमच्याकडे रोख रक्कम आहे. सोनं आणि रोख एकत्र आले की दोन्हींची मिळून किंमत चांदीच्या निसाबाशी ताडतात. तो साडेबावन्न जुने तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीची किंमत. ती तुम्ही केव्हाच ओलांडलीय.

हिशेब सोपा आहे. चाळीसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. ८० ग्रॅमवर २ ग्रॅम सोन्याची आजची किंमत आणि ४०,००० वर १,००० रुपये. भाव आजचा घ्या, घेतलं तेव्हाचा नको. घडणावळ धरू नका. खडे आणि लाख वजनातून वजा करा. मण्यांच्या पोतीत आणि पोकळ बांगड्यांत ती बरीच निघते, तेव्हा सराफाकडून निव्वळ वजन करून घ्या. जकात तुमच्यावर आहे, नवऱ्यावर नाही. त्यांनी तुमच्या वतीने द्यायची तर तुम्हाला सांगून. आणि वर्ष चांद्र धरा, सुमारे ३५४ दिवसांचं. ३१ मार्चला हिशेब करायची सवय असेल, तर दर वर्षी ११ दिवस मागे पडतात आणि ३३-३४ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात राहून जाते.

दागिने वापरापेक्षा साठवण म्हणून घेतले असतील, तर शाफई मसलाही बदलतो. तेवढं शाफई आलिमांना (धर्मपंडितांना) विचारा, इथल्या हनफी इमामांना नको.

प्रश्न : आमच्या शाळेत ईद-ए-मिलादनिमित्त मला बोलायचंय. मी मुस्लिम नाही. तीन वचनं मिळाली आहेत : ‘ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा’, ‘विद्वानाची शाई हुतात्म्याच्या रक्ताहून पवित्र’, ‘स्वच्छता हे अर्धे ईमान’. वापरू का? – एक शिक्षिका, नवी पेठ

उत्तर : पहिली दोन वापरू नका. चीनचं वचन हदीस-तज्ज्ञांनी फार कच्चं ठरवलंय. इब्न अल-जौझी यांनी तर ते बनावट हदीसांच्या संग्रहात घातलं. शाईचं वचनही पैगंबरांचं म्हणून सिद्ध होत नाही. तिसरं ‘सहीह मुस्लिम’ या हदीस-संग्रहात आहे, अर्थ ‘पाकी (शुद्धता) हा ईमानाचा (श्रद्धेचा) अर्धा भाग’ असा आहे, तेव्हा खुशाल वापरा. ज्ञानाबद्दलच बोलायचं असेल तर त्याच ग्रंथातली ही हदीस घ्या : जो ज्ञानाच्या शोधात एखादी वाट धरतो, त्याच्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सोपी करतो.

वचन तपासताना चार गोष्टी विचाराव्या लागतात : कोणता ग्रंथ, कोणतं प्रकरण, कितवा क्रमांक आणि दर्जा काय (सहीह म्हणजे पक्की, हसन म्हणजे चांगली, जईफ म्हणजे कच्ची की मौजू म्हणजे बनावट). नुसतं ‘हदीस आहे’ हे काही उत्तर नव्हे. क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे क्रमांक जुळला नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका. प्रकरणाच्या नावाने शोधा. ‘रमजानची खबर जो पहिल्यांदा देईल त्याच्यावर दोजख (नरक) हराम’ असा मेसेज दर वर्षी सगळीकडे फिरतो. त्याला आधार कुठेच नाही. जाणूनबुजून माझ्या (म्हणजे पैगंबरांच्या) नावावर खोटं रचणाऱ्याने आपली जागा आगीत करून घ्यावी, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ऐकलेलं सगळं सांगत सुटणं एवढंही खोटं ठरायला पुरेसं आहे, असंही ‘सहीह मुस्लिम’चे संकलक इमाम मुस्लिम यांनी आपल्या प्रस्तावनेत नोंदवलंय. त्यामुळे खात्री नसेल तिथे वचन टाळा. तुमचं भाषण दोन वाक्यांनी छोटं होईल, मुलांची काही तक्रार नसेल.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आमच्या पाळीत मुस्लिम मी एकटाच. जेवणाच्या सुट्टीत ‘तुमच्यात हे असं का रे?’ म्हणून विचारतात. माहीत नाही म्हणायची लाज वाटते, मग काहीतरी सांगतो. – एक कामगार

उत्तर : इमाम मालिक मदिनेचे सगळ्यात मोठे आलिम, मृत्यू इ. स. ७९५. त्यांना एकदा ४८ प्रश्न विचारले आणि ३२ ना त्यांनी ‘मला माहीत नाही’ म्हटलं, असा वृत्तान्त त्यांच्या चरित्रांत येतो. त्यांना जे म्हणायला जड गेलं नाही, ते तुम्हाला कारखान्यात म्हणायला काय हरकत?

एक सवय लावून घ्या. ‘आमच्या घरी असं करतात’ आणि ‘इस्लाममध्ये असं आहे’ ही दोन वाक्यं वेगवेगळी ठेवा. मोहरमला पंजे बसवणं, उरुसाला चादर चढवणं सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. यातलं काही मुसलमान मानतात, काही मानत नाहीत, आणि गावोगाव रीत वेगळी. ‘आमच्या मोहल्ल्यात असतं’ एवढंच म्हणालात तर ते शंभर टक्के खरं असतं. बाकीच्याला ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच विचारा, नाहीतर तीही थापच.

कुणाला विचारायचं, तेही पाहा. हाफिजसाहेब म्हणजे ज्यांना कुरआन तोंडपाठ आहे ते. मसला सांगणं हे वेगळं शिक्षण. दर्स-ए-निजामी हा मदरशांतला आलिमचा अभ्यासक्रम साधारण आठ वर्षांचा असतो आणि इफ्ताचं (फतवा देण्याचं) शिक्षण त्यानंतर. चांगले हाफिजसाहेब स्वतःच तुम्हाला मुफ्तींकडे पाठवतील.

प्रश्न : गल्लीतल्या एका मुलाने रागात फोनवर बायकोला तीनदा तलाक म्हटलं. आता ‘झालं, संपलं’ म्हणणारे आहेत आणि ‘रागातला तलाक धरत नाहीत’ म्हणणारेही. वडीलधारा म्हणून माझ्याकडे आलेत. काय सांगू? – बेगम पेठ

उत्तर : निकाल सांगू नका, एवढंच आधी सांगतो. रागात म्हटलेला तलाक आपोआप रद्द होतो, हे चूक. तलाक बहुधा रागातच दिला जातो. शुद्ध हरपण्याइतका राग होता का, हे मुफ्ती खोदून विचारतात. एका दमात तीनदा म्हटल्याला चारही सुन्नी मजहब तीन धरतात, अहले हदीस (कोणत्याही एका मजहबाला बांधून न घेणारे) एक धरतात.

कायद्याने मात्र हा तलाक झालेलाच नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्यानुसार तो निरर्थक तर आहेच, शिवाय गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात बायकोला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाहखर्च आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मागता येतो.

तेव्हा दोन कामं एकाच वेळी करा. मुलाकडून आणि मुलीकडून वेगवेगळं लिहून घ्या : शब्द नेमके कोणते, कोणत्या भाषेत, किती वेळा, त्याआधी कधी तलाक दिला होता का, मुलगी त्या वेळी गरोदर होती का, तारीख काय. दोघांच्या मजकुरात फरक असेल तर तो मिटवू नका, तसाच राहू द्या. तो कागद दारुल इफ्तात (मुफ्तींच्या कार्यालयात) द्या आणि उत्तर लेखी मागा. तोंडी विचारलं की विचारणारा अर्धं गाळतो आणि फतवा त्या अर्ध्यावरच निघतो. दुसरं, मुलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. तिथे महिलांना वकील मोफत मिळतो. लेखी उत्तर हाती येईपर्यंत हलाल्याचं (पहिल्या नवऱ्याकडे परतण्यासाठी आधी दुसऱ्याशी लग्न करण्याचं) नाव काढणाऱ्याला दारात उभं करू नका, आणि मुलगी कुठे राहणार हे तिलाच ठरवू द्या.