काहीच वाटत नाही, म्हणजे मी नर्स उरले नाही का?

2020 नंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या किती नर्सेसनी हे विचारलं असेल! "मॅडम, पेशंट गेला तरी आता काही वाटत नाही. राजीनामा देऊ का?"

त्यांतली कोविड आयसीयूमधली एक सिस्टर. अनेक भेटींतलं मोजकं बोलणं सांगते.

"चांगल्या नर्सला प्रत्येक पेशंटसाठी वाईट वाटलंच पाहिजे," ती म्हणाली.

"काल नाइटला काय काय केलंत?"

ती निर्विकारपणे सांगत गेली. आधीच्या पाळीकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती घेतली, औषधं दिली, एका आजोबांना पालथं झोपवलं. ड्यूटी संपली, पीपीई किट काढायला निघाली, आणि त्यांची ऑक्सिजनची नळी सरकली नाही ना, हे बघायला परत आत गेली.

"वाईट वाटलं म्हणून गेलात?"

"नाही. काहीच वाटत नव्हतं."

"मग का गेलात?"

बराच वेळ ती गप्प होती. "बघायला हवं होतं म्हणून," असं म्हणाली आणि एकदम रडू लागली. कित्येक आठवड्यांत तिला रडूच आलं नव्हतं.

त्या क्षणी मला जे उमगलं, ते पुढे अनेकींच्या उपयोगी पडलं. ती आपली निष्ठा भावनेने मोजत होती, आणि बर्नआउटमध्ये, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून गेल्यावर, आटते ती भावनाच. निष्ठा तिच्या कामात शाबूत होती. मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रासामागचे हट्टी विचार तपासत, काम करते. थकवा एक दुःख असतं. "मी थकताच कामा नये" या हट्टापायी माणूस त्यावर दुसरं ओढवून घेतो. हे दुसरं आम्ही दोघींनी मिळून उतरवलं.

पहिलं मात्र समुपदेशनाने उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे माणसं वाढवणं, सलग नाइट न लावणं, किटमधून वेळेवर बाहेर काढणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. ते हक्काने मागा, शक्यतो चारचौघी मिळून आणि लेखी.

राजीनाम्याचा निर्णय सलग नाइटच्या मधोमध घेऊ नका. आधी झोप भरून काढा, मग स्वतःला विचारा: मला नर्सिंग नको आहे, की या परिस्थितीतलं नर्सिंग? त्या आयसीयूतल्या सिस्टरचं उत्तर दुसरं होतं. तिने वॉर्ड बदलून मागितला. तुमचं उत्तर पहिलं आलं, तर खुशाल सोडा. त्यात गुन्हा नाही. पण जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.