आधी शेवटच्या नळाला क्लोरीन बघा, आरओचं नंतर बघू

तुम्ही विचारलंय की नळाचं पाणी दिसायला एकदम नितळ आहे, टाकीत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते, तरी पहिला पाऊस झाला की खालच्या आळीत पोरांना जुलाब लागतात, मग ग्रामपंचायतीनं आरओ प्लांट बसवावा का. आमच्या वाडीत अगदी हेच झालेलं, मी तेव्हा पाणीपुरवठा समितीत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आजपासून पाणी उकळून प्या, उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी खळखळू द्या.

आता ओटी टेस्ट, म्हणजे नळीतल्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून क्लोरीन शिल्लक आहे का बघायचं, असला तर पिवळा रंग येतो. बहुतेक ठिकाणी ती टाकीवरच करतात, पिवळा रंग आला की रजिस्टरला नोंद होते आणि विषय संपतो. पण नियम शेवटच्या नळाचा आहे, तिथं लिटरला किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. आम्ही सकाळी पाणी सुटल्यावर काचेची नळी घेऊन टाकीपासून एकेक नळ बघत खाली गेलो. शाळेपर्यंत पिवळा रंग येत होता, देवळाच्या पुढच्या नळाला काहीच नाही! मधे एक व्हॉल्व्हचं चेंबर होतं, झाकण उचललं तर गटाराचं काळं पाणी तुडुंब आणि पाईपचा सांधा त्यात बुडालेला. सप्लाय चालू असताना सांध्यातून बुडबुडे येत होते, आणि बंद केल्यावर चेंबरातलं पाणी बघता बघता बोटभर खाली गेलं. म्हणजे पाईप रिकामा होताना ती घाण आत ओढली जात होती आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर खालच्या आळीच्या हंड्यात जात होती. कोरड्या दिवसांत चेंबर कोरडं असायचं, म्हणून आजार पावसातच. सांधा बदलला, गटार वळवलं, लाईन क्लोरीनच्या पाण्यानं धुवून काढली, मग खाली रंग यायला लागला. (ओटी टाकलेलं पाणी ओतून द्यायचं, ते विषारी असतं, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.)

समजा टाकीवरच रंग फिका आला तर पावडर बघा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पोतं उघडं, दमट जागी राहिलं की तो उडून जातो, 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. आमच्याकडे 1000 लिटरला 5 ग्रॅम धरायचे, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम, आणि मूठभर अंदाजानं नाही, तागडीत मोजून. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास सप्लाय सोडायचा नाही. घाईत लगेच सोडतात तिथंच चुकतं.

आरओबद्दल माझं मत स्पष्ट आहे, या दुखण्यावर तो इलाज नाही. जार आणला तरी चूळ भरायला, भाजी धुवायला, शाळेतून आल्यावर ओंजळीनं प्यायला पोरं नळाचंच पाणी घेणार. आरओ लागतो तो फ्लोराईड, नायट्रेट किंवा क्षार जास्त असले तर. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलीग्रॅम आहे आणि तो उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतो. तुमची विहीर ऊसपट्ट्यात असेल तर भूजल सर्वेक्षणच्या लॅबमध्ये रासायनिक तपासणी नक्की करून घ्या. जंतूंच्या तपासणीचं पाणी मात्र लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचवा.

उद्या पाणी सुटलं की टाकी, मधला एखादा नळ आणि खालच्या आळीतला शेवटचा नळ, तिन्हीचे रंग इथं टाका, मग कुठलं चेंबर उघडायचं ते सांगतो.