कोणीच न पाहिलेला ग्रंथ होता, हे कशावरून?

तुमची शंका रास्त आहे. 'क्यू' म्हणजे मत्तय आणि लूक या दोघांनी येशूचं चरित्र लिहिताना वापरला असं मानलं जाणारा हरवलेला ग्रंथ. त्याचा एक चिटोराही मिळालेला नाही, मग अभ्यासक त्यातली वचनं मोजून कशी दाखवतात? मलाही आधी ही थापच वाटायची. मत बदललं ते हेरोदमुळे.

मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर कापायला लावणारा हेरोद 'राजा' आहे. खरं तर तो रोमचा मांडलिक, राजेपद त्याला मिळालंच नव्हतं. मत्तयला हे ठाऊक होतं, म्हणून 14व्या अध्यायाच्या आरंभी तो 'मांडलिक हेरोद' लिहितो. आणि आठच वचनांनंतर लिहून जातो, 'राजाला वाईट वाटले'. समोर मार्कची प्रत उघडी, आणि दुरुस्ती करता करता डुलकी लागली! दुसरी खूण: दोघांतही येशूच्या बोलण्याच्या ऐन मध्यात 'वाचणाऱ्याने हे ध्यानात आणावे' असं येतं. समोर शिष्य ऐकताहेत, वाचणारा कुठून आला? म्हणजे मजकूर कानावाटे नाही, कागदावरून आलाय.

आता मार्कमधलं सगळं वगळा. तरी मत्तय आणि लूक यांच्यात 230 च्या आसपास सामाईक वचनं उरतात, बहुतेक उपदेशाची. योहानाचं 'सापाच्या पिलांनो' हे खडसावणं दोघांकडे ग्रीकमध्ये जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं. योहान बोलला असणार तिथल्या बोलभाषेत, अरामीत. दोघांनी स्वतंत्र भाषांतर केलं असतं तर इतकं जुळलं नसतं. तेव्हा दोघांपुढे एकच ग्रीक लेख असावा, हा तर्क. 'क्यू' हे उगम या अर्थाच्या जर्मन शब्दाचं आद्याक्षर. लूक तर पहिल्याच वाक्यात सांगतो की आपल्याआधी पुष्कळांनी हे लिहायला घेतलं होतं. नाव मात्र एकाचंही देत नाही.

नुसत्या वचनांचा ग्रंथ कोण लिहील, असंही विचारायचे. 1945 मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला थोमाचं शुभवर्तमान मिळालं: 114 वचनं, कथानक जवळपास नाहीच. तो क्यू नव्हे, पण असे ग्रंथ असत एवढं कळलं.

तरी क्यू सर्वमान्य नाही. लूकपुढे थेट मत्तयच होता, क्यू हवाच कशाला, असं ऑस्टिन फॅरर या इंग्रज अभ्यासकाने 1955 मध्ये मांडलं. मला अलीकडे हेच जास्त पटतं. लूकच्या मोहरांच्या दाखल्यात धनी दहा दासांना मोहरा देतो. हिशेबाच्या वेळी मात्र येतात 'पहिला', 'दुसरा' आणि 'तो दुसरा एक', बस्स. मत्तयच्या गोष्टीत दास मुळात तीनच आहेत. म्हणजे इथे डुलकी लूकला लागली, आणि समोर मत्तयची प्रत असावी.