पोच घेतलीस का?

बाळा,

तुझं पोर अजून नीट बोलत नाही, त्याबद्दल कोण काय म्हणालं ते तू फोनवर सांगत होतीस तेव्हा मी सवयीने समोरच्या कागदावर उतरवत गेलो. सासूबाई म्हणाल्या, "बोलतलो गो, बापूस पण उशिराच बोललेलो." डॉक्टर म्हणाले पाच वर्षांचा होऊ दे, मग बघू. नर्सरीच्या मॅडम म्हणाल्या सहा महिने घरीच ठेवा, बाकीच्या मुलांना त्रास होतो. मुंबईची नणंद म्हणाली गावात काही होणार नाही, इकडे आण. आणि देवळात कौल लावला तर उजवा मिळाला. झाली पाच मतं. आणि साडेतीन वर्षांच्या त्या पोराबद्दल एकाही माणसाने एक ओळ लिहून दिलेली नाही. देवाचं सोड, देव लिहून देत नाही, पण बाकीच्यांचं काय?

तू शिकलेली आहेस, पोरावर जीव आहे, कष्टाला मागे हटणारी नाहीस, त्यामुळे धीर धर, सगळं ठीक होईल हे मी लिहीत बसत नाही. ते सांगायला गावात माणसं पुष्कळ आहेत. मला एकच सांगायचंय आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. लेखी दे, लेखी घे, पोच घे.

मी अख्खी नोकरी पंचायत समितीत काढली, त्यातली बरीचशी आवक-जावकच्या टेबलावर, त्यामुळे टेबलाच्या आतल्या बाजूने बघितलेलं सांगतो. माणूस लांबून येतो, बसतो, डोळ्यात पाणी आणतो, साहेब खरंच हळहळतात, चहा मागवतात, आणि माणूस एसटी पकडायला बाहेर पडला की विषय संपला. रजिस्टरला नोंदच नाही ना. आणि तेच एखादी बाई चार ओळींचा अर्ज देऊन, दुसऱ्या प्रतीवर शिक्का तारीख सही घेऊन न बोलता निघून गेली की तो कागद फाईलीत बसून सगळ्यांना टोचत राहतो. कोणी वाईट नसतं गं. पण नोंद झालेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, रडणाऱ्या माणसाला द्यावं लागत नाही.

तुझ्या दादाच्या, म्हणजे आमच्या पोराच्या वेळी काय होतं ते तुला माहीत नसेल. 1995 चा जो अपंगांचा कायदा होता त्यात सात प्रकार होते आणि त्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, नव्हता. म्हणजे पोरगं समोर आहे, त्याची अडचण समोर आहे, आणि फॉर्मवर त्याच्यासाठी रकानाच नाही! मग काय, मतिमंद लिहिलं आणि मोकळे झाले. 1999 ला नॅशनल ट्रस्टचा कायदा आला त्यात ऑटिझमचं नाव पहिल्यांदा आलं, आणि नीट सगळे 21 प्रकार धरून कायदा व्हायला 2016 उजाडलं. तोवर तुझा दादा मोठा बाप्या झाला होता. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तो लहान असताना छान तपासलं होतं, काय काय करायचं तेही सांगितलं, पण सगळं तोंडी, केसपेपरवर दोन औषधांची नावं फक्त. पुढच्या डॉक्टरांकडे गेलो तर शून्यापासून सुरुवात. त्याच्या पुढच्याकडे परत शून्य. पोराचं वय मात्र शून्यावर येत नव्हतं. ती खंत माझ्या मनातून जात नाही आणि म्हणून मी असा झालो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

आता तुझं.

सगळ्यात आधी कान. तू म्हणालीस मोबाईलवरचं गाणं लागलं की धावत येतो म्हणजे ऐकू येतं. असं नसतं. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं, आणि मग पोराला शब्द अर्धेच पोचतात. बेरा टेस्ट करून घे, आवाज कानातून पुढे मेंदूकडे नीट जातो का ते त्यात कळतं. जवळ सोय झाली तर उत्तम, नाहीतर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे केंद्र सरकारची, ती याच कामासाठी आहे. टेस्ट झोपेत करतात, त्यामुळे गाडीत त्याला झोपू देऊ नको, नाहीतर तिथे जाऊन टक्क जागा राहील आणि फेरी फुकट. रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही. "नॉर्मल आहे, जा" हा रिपोर्ट नव्हे.

दुसरं, अंगणवाडीत नाव घाल. उद्याच. तुला नर्सरी सुटल्याचं वाईट वाटतंय आणि मला वाटतं झालं ते बरं झालं. आरबीएसकेची गाडी, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक, अंगणवाडीत वर्षातून 2 वेळा मुलं तपासायला येतं. हा कार्यक्रम 2013 पासून आहे आणि त्यात नुसती उंची-वजन नाही, विकासातला उशीर हा सरळ त्यांच्या यादीतला विषय आहे. खाजगी नर्सरीतलं पोरगं त्या यादीत येतच नाही. नाव घातलंस की सेविकेला लेखी दे की पथक यायचं असेल तेव्हा मला कळवा. तिच्याशी तुझी मैत्री असेल तरी लेखी दे. तिला राग येणार नाही, उलट तिलाही वर दाखवायला कागद मिळतो. आणि ती म्हणाली की असं मूल मी कसं सांभाळू, तर तिला सांग की दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीने काय करायचं याचा प्रोटोकॉलच महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलाय, ओळखायचं कसं, सामावून घ्यायचं कसं, पुढे पाठवायचं कुठे. बिचारीच्या डोक्यावर आधीच पन्नास रजिस्टरं आहेत हे मलाही कळतं, तिच्याशी भांडू नको.

पथकाची वाट बघत बसायचीही गरज नाही. डीईआयसी म्हणून केंद्र असतं, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं. तुझ्यासाठी म्हणजे ओरोसला जाऊन चौकशी करायची. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच थेरपी, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका ठिकाणी असावेत अशी ती योजना आहे आणि सेवा मोफत आहे. सगळी पदं भरलेली असतातच असं नाही, एखादी मॅडम रजेवर, एखादी जागा रिकामी. मग तू काय करशील? "बरं, पुढच्या महिन्यात येते" म्हणून देवगडची एसटी पकडशील. तसं करायचं नाही! तिथेच बसून अर्ज लिहायचा, माझा मुलगा, वय 3 वर्षे 7 महिने, आज दिनांक अमुक रोजी स्पीच थेरपीसाठी आणला असता सेवा मिळू शकली नाही, पुढील तारीख लेखी मिळावी, पर्यायी व्यवस्था काय ते कळवावं. खाली सही. दोन प्रती. एकीवर पोच. वय नेहमी महिन्यांसकट लिही, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे एकेक महिना मोजला जातोय. हे केंद्र मुख्यतः 6 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि दिव्यांग कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क कलम 31 प्रमाणे सुरू होतो 6 व्या वर्षी. म्हणजे आत्ताची जी दोन-अडीच वर्षं आहेत त्यात शाळेच्या हक्काचा आधार तुला नाही, जे काय आहे ते आरोग्य खातं आणि अंगणवाडी. "पाचपर्यंत थांबू" हे ऐकून मला संताप आला तो यासाठी. पाचपर्यंत थांबलीस तर तिथे हातात उरतं एक वर्ष.

त्या डॉक्टरांना जाऊन एवढंच म्हण, "सर, पाच वर्षांपर्यंत थांबावं हे केसपेपरवर लिहून द्या." नम्रपणे म्हण. बहुतेक वेळा ते लिहीत नाहीत, चिठ्ठी लिहितात पुढच्या डॉक्टरांसाठी. तुला तीच तर हवी आहे.

दिव्यांग सर्टिफिकेटचं तू तीनदा विचारलंस, काढू की नको, पोराला नाव पडेल, उद्या धाकटीचं लग्न जमताना अडचण येईल. धाकटी अजून दुधावर आहे गं! ऐक, थेरपी सुरू करायला सर्टिफिकेट लागत नाही. ते कोणी मागितलं तर कुठल्या नियमाने लागतं ते लिहून द्या म्हण. पण काढून ठेवावं असं माझं मत. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो, फी नाही, मग मेडिकल बोर्डासमोर तपासणी. लहान मुलांना सहसा मुदतीचं मिळतं, पुढे परत तपासतात, म्हणजे कायमचं काही कपाळावर कोरत नाहीत. 40 टक्के किंवा वर आलं तर बऱ्याचशा सवलती उघडतात, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता निघाली तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे 1 लाखापर्यंतची, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेत बसतो. कार्ड कपाटात ठेव, लागेल तिथेच दाखव. वाडीत फिरवायला कोण सांगतंय.

कदाचित यातलं काहीच निघणार नाही, नुसती भाषा उशिरा येत असेल. तर मग बरंच. तेही कोणीतरी लिहून देऊ दे की.

तुझे सासरे कलमांची फवारणी कुठल्या तारखेला काय मारलं ते वहीत लिहून ठेवतात ना? तसली एक वही त्यांच्याकडून मागून घे. रोज रात्री दोन ओळी. आज पाणी मागताना माझा हात धरून माठाकडे नेलं. आज हाक मारल्यावर वळून बघितलं नाही, कुकरची शिट्टी झाल्यावर कान झाकले. आज "माशे" म्हणाला. तुझं मत नको, दिसलं ते लिही. डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मिळतात आणि नेमकं त्या दहा मिनिटांत पोरगं शहाण्यासारखं वागतं किंवा सगळा दवाखाना डोक्यावर घेतं. वही खोटं बोलत नाही. आणि थेरपिस्टकडून प्रत्येक वेळी घरी काय करायचं ते मराठीत लिहून घे. आठवड्यातून एकदा अर्धा तास तिथे, बाकी सगळा वेळ तो तुझ्याजवळ, म्हणजे काम घरातच होणार. ते कसं करायचं ते काकूला विचार. सोलकढी हवी की पाणी विचारून गप्प उभी राहायची, तो बघेपर्यंत, बोट करेपर्यंत, हातात पेला द्यायची नाही. मला ते जमायचं नाही, मी लगेच द्यायचो.

काकूचं म्हणणं आहे की मी त्या फाईलींच्या आड लपलो. पोराला अंगाखांद्यावर तिने घेतलं आणि मी झेरॉक्स काढत फिरलो, असं ती पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणते. म्हणू दे. पण नॅशनल ट्रस्टचं पालकत्वाचं पत्र कोणी आणलं? जुनं सर्टिफिकेट बदलून त्यावर खरं निदान कोणी घालून घेतलं, माहिती अधिकारात अर्ज टाकून, 30 दिवस संपल्यावर अपील करून? एका कार्यालयात मला बघितलं की शिपाई आतल्या खोलीत सांगायला धावायचा, "पोचवाले आले." मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. घरात दोन माणसं असतील तर एकाने पोर धरावं आणि एकाने कागद धरावा, यात कमी कोण आणि जास्त कोण? तुझ्याकडे दोन्ही तुझ्याच अंगावर आहे म्हणून मी एवढं लांबण लावलंय.

नर्सरीचं राहिलंच. तिला सरकारी मान्यता आहे का आधी बघ. असेल तर दिव्यांग कायद्याचं कलम 16 आहे, भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो, आणि काढताना तोंडी "घरी ठेवा" म्हणून चालत नाही. नसेल तर भांडण्यात शक्ती घालवू नको, भरलेली फी परत माग, अर्थात लेखी. पुढे पहिलीच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं ठरलं तर वर्षभर आधीच तालुक्याच्या गट साधन केंद्रात जा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तिथून येतात. तोवर तुझी फाईल जाड झालेली असेल. जाड फाईल टेबलावर ठेवली की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

नणंदेला सांग मुंबईला येते, पण बेरा टेस्टसाठी आणि दोन दिवसांसाठी, बिऱ्हाड उचलून नाही. तिच्या दोन खोल्यांत पोराला अंगण कुठलं मिळणार आणि तुला मदतीला कोण असणार.

पहिला अर्ज अंगणवाडीचा. सोमवारी दे आणि पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो मला पाठव, नुसतं "दिला काका" असा मेसेज आला तर मी दिला असं धरणार नाही. आणि नवऱ्याचा नंबर पाठव. बोर्डाच्या तपासणीला त्याने रजा टाकून यायलाच पाहिजे, ते तू सांगून होत नसेल तर मी सांगतो. फक्त रात्री नऊच्या आत फोन करायला सांग, त्यानंतर रिंग वाजली तर तुझा दादा अर्धी रात्र येरझाऱ्या घालतो.

काका