दात ‘झणझणत’ नाहीत हो, आंबतात!

प्रश्न असा आलाय की एमडीएस (दातांच्या डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या एका मुलीला दातांच्या सेन्सिटिव्हिटीवरची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचीय, पेशंट स्वतःच ती भरणार. तिथल्या ‘सेन्सेशन्स’ला ‘झणझणाट’ लिहू की ‘संवेदना’? आणि ‘आउटकम’ नि ‘एक्स्पिरियन्स’ दोन्हीला ‘अनुभव’ चालेल का?

झणझणाट आधी खोड बाई. टूथपेस्टच्या हिंदी जाहिरातीतली ‘झनझनाहट’ उचलून न चा ण केला की मराठी झालं असं वाटतं या लोकांना. आपल्याकडे झणझणीत असते ती मिसळ नाहीतर ठेचा. आणि ‘संवेदनशील दात’? संवेदनशील मतदान केंद्रं असतात, तिथे जादा बंदोबस्त लावतात, दाताला काय एसआरपी लावणार?

मराठीत दात शिवशिवतात, सणक जाते, नाहीतर दात आंबतात. पहिले दोन सगळ्यांना कळतात, सोडून देऊ. पण आंबणं, काय शब्द आहे! संस्कृत अम्ल, प्राकृतात अंबिल, त्याच घरातले आपले आंबट, आंबील नि आंबणं. कैरी खाल्ली की दात आंबतात, रात्रभर ठेवलेलं पीठ आंबतं आणि दिवसभर भाताची लावणी केली की अंग आंबतं. (आंबा यात नाही, तो आम्रवरून आलाय, आडनाव सारखं दिसलं म्हणून भाऊबंद समजू नका.) माझं ठाम मत, आधी दात आंबले, अंग नंतर. आंबलेल्या दातांना भाकरीचा तुकडाही चावायला नको होतो, तसंच आंबलेलं अंग कामाला नको म्हणतं, अर्थ तिथूनच सरकला. ओळखीतले एक संस्कृतवाले सर म्हणतात की नाही, पीठ आंबून सैल पडतं तसं अंग. अहो सर, पीठ आंबलं की आपण खूश होऊन डोसे घालतो, अंग आंबल्यावर कोण खूश झालेलं बघितलंय तुम्ही?

आणि मजा म्हणजे शब्दात कारणसुद्धा आहे. आंबटाने तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, त्याखालच्या डेंटीन नावाच्या थरातल्या बारीक नळ्या उघड्या पडल्या की गार पाण्याने त्यातला द्रव हलतो आणि थेट मज्जातंतूला कळ लागते, ब्रॅनस्ट्रॉम या दंतसंशोधकाची थिअरी हीच. ‘सेन्सिटिव्हिटी’ या शब्दातून यातलं काय कळतं?

पण प्रश्नावलीत नेमका हाच गुण नडतो. ज्याला फक्त गार पाण्याने त्रास होतो तो ‘दात आंबतात का?’ वाचून चिंच आठवणार, ‘कधीच नाही’वर खूण करून मोकळा होणार, आणि थिसिसमध्ये छापून येणार की त्रास कमी आहे! म्हणून सुरुवातीलाच एकदा सगळं लिही, ‘गार, गरम, गोड, आंबट लागल्यावर दात शिवशिवतात, आंबतात किंवा सणक जाते, त्याबद्दल हे प्रश्न आहेत’, आणि पुढे नुसतं ‘असं झाल्यामुळे’. थिसिसचे गाईड म्हणतील उलट भाषांतर, म्हणजे मराठीचं परत इंग्रजी, करून मूळ इंग्रजीशी जुळलं की झालं. कसं नाही जुळणार? एकाने सेन्सिटिव्हिटीचं संवेदनशीलता केलं, दुसऱ्याने संवेदनशीलतेचं सेन्सिटिव्हिटी, दोघंही शिकलेले, पेशंट यात आला कुठे? ओपीडीत बसलेल्यांना एकेक प्रश्न वाचायला दे आणि विचार, काका, यातून तुम्हाला काय समजलं? कोल्हापूरकडचेही घे, नागपूरकडचेही घे.

हां, तो अनुभव राहिलाच. दोन्हीला चालणार नाही. आता नीट जेवता येतं का हा आउटकम, डॉक्टरांनी समजावून सांगितलं का, किती ताटकळत ठेवलं हा एक्स्पिरियन्स, त्याला ‘अनुभव’ ठेव. आउटकमला ‘परिणाम’ लिहिलंस तर लोक गोळीचा साइड इफेक्ट समजतील, ‘उपचारानंतर पडलेला फरक’ लिही, पेशंट ‘फरक पडला’ असंच म्हणतो. आणि तू घेतलेली प्रश्नावली 2010 ची ‘डेंटाइन हायपरसेन्सिटिव्हिटी एक्स्पिरियन्स क्वेश्चनेअर’ असेल तर नावातल्या एक्स्पिरियन्सला फसू नकोस, ती आइस्क्रीम खाताना अडचण येते का असलं रोजचं विचारते, दवाखान्यात कसं वागवलं ते नाही.