वहिनी, त्या दिवशी खोलीत बसू नका

साताऱ्याहून पहिल्यांदाच अलास्काच्या क्रूझला निघालाय, म्हणून ग्लेशिअर बेच्या, म्हणजे तिथल्या हिमनद्यांच्या खाडीच्या दिवसाबद्दल मुद्दाम लिहितोय. त्या दिवशी जहाज बंदराला लागत नाही. सगळं डेकवरूनच बघायचं. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढतात, स्पीकरवरून माहिती देतात. ती ऐकाच. 1794 साली ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या माणसांना खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. 1879 मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कित्येक किलोमीटर मागे गेला होता. हे माहीत असलं की दोन्ही बाजूंचे डोंगर वेगळेच दिसतात.

थंडी महाबळेश्वरची समजू नका. बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो. आमची ही नुसत्या शालीवर वर गेली आणि ऐन वेळी कुडकुडत आत आली, त्याची हळहळ तिला अजून आहे. स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे घ्याच.

मार्जरी ग्लेशिअर या हिमनदीसमोर जहाज थांबून सावकाश वळतं, दोन्ही बाजूंना दिसतं. जागेसाठी धावपळ नको. बर्फाचा कडा कोसळतो तो आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. किलोमीटरभर अंतराला जवळजवळ 3 सेकंद. आवाज ऐकून वळलात तर नुसत्या लाटा दिसतील. जिथून बारीक चुरा घरंगळतोय, तिथेच नजर ठेवा. मोबाईल खिशात. भावोजींची दुर्बीण मात्र गळ्यात असू द्या, तरंगत्या बर्फावर सील पहुडलेले असतात.